दुसरीची पिल्लं पेटीत घालताना: मांजरी गावातल्या सशांच्या शेडमधल्या नोंदी

हडपसरच्या पुढे, मांजरी बुद्रुकला घरामागच्या शेडमध्ये आम्ही ससे पाळतो. धंदा म्हणावा एवढा मोठा पसारा नाही. पाळायला नेणाऱ्यांनाच पिल्लं देतो, आणि आठ आठवड्यांच्या आत एकही नाही. "एका मादीची पिल्लं दुसरीकडे टाकली तर ती मारते का?" हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतं. यंदा मुद्दाम वही ठेवली. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते, फक्त अक्षर लागण्यापुरती दुरुस्ती केली आहे.

शेडमधली मंडळी: चिवडी (तिसरं वेत), राणी (पहिलं वेत), भुरी (नोव्हेंबरअखेर व्यायची आहे), ढोली, ढोलीच्या जोडीचा खच्ची केलेला नर बंड्या, आणि पैदाशीचा नर सरपंच.

१० नोव्हेंबर

चिवडी आणि राणी, दोघींना आज सकाळी सरपंचाकडे नेलं. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर तिच्याकडे नाही. आपल्या जागेत आलेल्या नराला ती फोडून काढते.

दोघी एकाच दिवशी लावल्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सशाची मादी साधारण ३१ दिवसांनी विते, एखादा दिवस मागेपुढे. दोघींची वेतं जोडीने आली तर एकीकडची जास्तीची पिल्लं दुसरीकडे सरकवता येतात. एकटीच लावली आणि ती बारा घालून बसली, किंवा वितानाच गेली, तर आपल्या हातात ड्रॉपर येतो. ड्रॉपरवर वाढवलेल्या पिल्लांतली किती जगतात, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

२४ नोव्हेंबर

चौदाव्या दिवशी पोट चाचपलं. मांड्यांच्या पुढे, दोन बोटं आणि अंगठा, हलक्या हाताने. द्राक्षाएवढ्या गोळ्या सरकत्या लागतात. लेंडी कडक आणि बारीक असते, तिच्यात आणि यात गफलत होऊ शकते. चिवडीच्या पोटात भरपूर लागल्या. राणीच्या कमी वाटल्या, पण ती अंग चोरत होती म्हणून जास्त दाबलं नाही. दोघी गाभण एवढं नक्की.

८ डिसेंबर

आज दोघींच्या पिंजऱ्यात विण्यासाठी पेट्या ठेवल्या. प्लायचे तुकडे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणले होते, दोन पेट्यांना ३८० रुपये, खिळे आणि बिजागऱ्या घरच्याच. माप ४५ बाय ३० सेंटिमीटर, उंची ३०. पुढची फळी ठेवली १० सेंटिमीटरची (ही कमी पडली, पुढे येतंय). तळाला भोकं पाडली, म्हणजे लघवी साठत नाही.

आत खाली रंध्याची जाड सालपटं, वर भाताचा पेंढा. करवतीचा बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो. कापूस आणि सुताचे धागेही नकोत. पायाला गुंडाळले की पाय सुजून काळा पडतो.

राणी दुपारीच तोंडात पेंढ्याचं मिशीसारखं भेंडोळं घेऊन हिंडायला लागली. पहिलटकरीण असून अक्कल आहे. चिवडीने मात्र तिसऱ्या वेताची असून पेटीत जाऊन आधी लघवी केली. पेटी चुकून तिच्या नेहमीच्या लघवीच्या कोपऱ्यात पडली होती. समोरच्या कोपऱ्यात हलवली, आतलं सगळं बदललं, मग ती पेंढा लावायला लागली.

११ डिसेंबर

पहाटे चिवडी व्याली. पेटीत केसांचा ढीग. हात घालून मोजली: अकरा, त्यातलं एक मेलेलं. ते काढलं. उरलेली दहा, सर्वांत हलकं ३६ ग्रॅम आणि सर्वांत जड ५४. स्वयंपाकघरातला वजनकाटा शेडमध्ये आला आहे, सासूबाईंनी नवीन आणायला सांगितलाय (४५० रुपये, तो खर्चही यातच धरा).

चिवडीला आठ सड. आठ सडांवर दहा पिल्लं मरतातच असं नाही. पाजणं चालू असताना पिल्लं सारखी सड बदलतात. पण मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते. तेवढ्या वेळात ज्याला घुसता येत नाही ते उद्यापर्यंत उपाशी. असे दोन दिवस उलटले की ते थंड पडतं.

राणीची अजून हालचाल नाही.

१२ डिसेंबर

राणी रात्री व्याली. चारच. छान केस उपटून झाकून ठेवली होती. म्हणजे चिवडीकडून तीन उचलायची.

कोणती उचलायची? बरेच जण मरतुकडी उचलतात, "तिकडे गर्दी कमी आहे" म्हणून. मी उलट करते. धडधाकट तीन उचलली. नव्या जागी पहिल्या रात्री पाजणं चुकलं तर ५० ग्रॅमचं पिल्लू निभावून नेतं, ३६ ग्रॅमचं नाही. शिवाय जाडी तीन निघाल्यावर बारक्यांना सख्ख्या आईकडेच जागा होते.

कृती अशी केली. राणीला लसूणघास देऊन अंगणातल्या जाळीत सोडलं. हात आधी तिच्याच पेटीतल्या केसांत घोळवले. तिन्ही पिल्लं तिच्या चौघांच्या मधोमध, खालच्या बाजूला ठेवली, वरून तिचे केस. तासभर तशीच राहू दिली, म्हणजे सगळ्यांना एकच वास आणि एकच ऊब. मग राणीला आत सोडलं. आणलेल्या तिन्ही पिल्लांच्या कानात स्केच पेनाने हिरवा ठिपका दिला होता. हा ठिपका एक-दोन दिवसांत पुसट होतो, तेव्हा आठवणीने पुन्हा द्यायचा. नाही दिला तर पुढच्या सगळ्या नोंदी अंदाजपंचे.

जाऊबाई म्हणाल्या, "तिच्या नाकाला व्हिक्स तरी लाव, परका वास कळायला नको." लावलं नाही. न लावता काय होतं तेच बघायचं होतं.

राणी आत गेली, पेटीत नाक घातलं, बाहेर आली आणि गवत खायला लागली. याला लोक "नाकारलं" म्हणतात. हे नाकारणं नव्हे. सशाची मादी पिल्लांवर बसून राहत नाही, दिवसभर पेटीकडे फिरकतसुद्धा नाही. रानात बिळाचं तोंड मातीने बुजवून ती निघून जाते, वास घेत कोल्हा यायला नको म्हणून. मांजर किंवा कुत्री डोळ्यांसमोर ठेवून सशाकडे बघितलं की हमखास फसायला होतं.

१३ डिसेंबर

सकाळी सहाला राणीची पेटी उघडली. सातही पोटं टम्म, पातळ कातडीखाली दुधाचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतोय. हिरव्या ठिपक्याची तिन्ही धरून. सासूबाई बघायला आल्या होत्या.

"अगं, परकी आहेत हे तिला कळलंच नाही होय?"

"आई, तिला तिची तरी कुठे कळतात."

उद्धट वाटलं असेल, पण गोष्ट तशीच आहे. आपल्या पेटीत, आपल्या केसांखाली, आपल्या पिल्लांच्या वयाचं जे काही वळवळतं त्याच्यावर ती उभी राहते आणि पाजते. पिल्लाच्या बाजूनेही अडचण नसते. सड शोधायला लावणारा एक गंध सशाच्या दुधात असतो. फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये तो वेगळा करून दाखवला. तो एकाच आईचा खास वास नसतो, पाजत्या माद्यांच्या दुधात तो सापडतो. म्हणून परकं पिल्लूही मिनिटाभरात सडाला लागतं.

१४ डिसेंबर

शेडमध्ये पहाटे ११ अंश. चिवडीचं एक पिल्लू पेटीबाहेर जाळीवर पडलेलं सापडलं, निळसर, गार, हालचाल नाही. सडाला लोंबकळत बाहेर आलं असणार. चिवडी त्याच्या शेजारीच बसून गवत खात होती. मांजर पिल्लू मानेला धरून परत आणते, सशाची मादी आणत नाही. तिच्या हिशेबात पेटीबाहेर पिल्लू नसतंच.

गार पिल्लू मेलं असं लगेच समजू नका. मी ते ब्लाउजमध्ये, कातडीला लावून ठेवलं आणि चहा केला. चहा होईपर्यंत तोंड उघडलं. अर्ध्या तासाने चुळबुळ करायला लागलं. पूर्ण गरम झाल्यावरच पेटीत ठेवलं. गार असताना तोंडात दूध घालायचं नाही. पचत नाही, आणि फुप्फुसात जाण्याची भीती.

दुपारी दोन्ही पेट्यांना पुढे जादा फळी ठोकून १५ सेंटिमीटर उंची केली. आता लोंबकळणारं पिल्लू फळीला अडून आतच पडेल. उत्तरेच्या बाजूला गोणपाटं सोडली.

१६ डिसेंबर

३६ ग्रॅमवालं गेलं. वजन वाढतच नव्हतं. चिवडीकडे सहा, राणीकडे सात. बाकी सगळ्यांवर मखमल आली आहे.

१८ डिसेंबर

खरी परीक्षा आज आली. कोथरूडहून एका कुटुंबाचा फोन. दुकानातून "दोन्ही माद्या" म्हणून घेतलेली जोडी नर-मादी निघाली. (हे इतक्यांदा ऐकलंय की आता आश्चर्य वाटत नाही. लहान पिल्लांचं लिंग ओळखणं अवघड असतं, आणि दुकानात ओळखायची कोणाला घाई नसते.) मादी व्याली, दोन दिवस काही खाल्लं नाही आणि काल गेली. मागे पाच पिल्लं. कालपासून ड्रॉपरने गाईचं दूध चाललेलं.

गाईच्या दुधात चरबी चार टक्क्यांच्या आसपास, सशाच्या दुधात तिप्पट. म्हणूनच तर दिवसातून एकदा पाजून त्यांचं भागतं. गाईच्या दुधाने पोट फुगतं, अंग भरत नाही. पण घरात दुसरं काही नसताना त्या लोकांनी काय करायचं होतं?

संध्याकाळी खोक्यातून घेऊन आले. पाचही गार. आधी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ऊब दिली. मग वय बघितलं, कारण घरच्यांना जन्माची तारीख सांगता येईना. मखमल आलेली, कान अंगाला चिकटलेले, डोळे घट्ट मिटलेले. डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. हे सहा दिवसांच्या आसपासचे, म्हणजे आमच्याच पिल्लांच्या जोडीचे. नशीब म्हणायचं. भुरीची पिल्लं तीन आठवड्यांची होत आली आहेत. त्यांच्यात यांना टाकणं म्हणजे उपाशी मारणं. ती पिल्लं पेटीतून उड्या मारून आईच्या पोटाखाली घुसतात, आंधळ्यांना सड मिळणार कुठून?

एकाच्या नाकातून दुधाचा फेस आणि श्वासाला घरघर. डॉक्टरांना फोनवर आवाज ऐकवला. "दूध फुप्फुसात गेलंय, फार आशा ठेवू नका. आणि बाहेरची पिल्लं आत घेताना खरूज बघा." चौघांच्या कानांच्या कडा आणि पंजे टॉर्चखाली तपासले, खपल्या नाहीत. बाहेरचा आजार आपल्या पेटीत शिरणं ही परक्या पिल्लांतली मोठी जोखीम. शक्य असतं तर वेगळी ठेवली असती, पण सहा दिवसांचं पिल्लू वेगळं ठेवणं म्हणजे त्याला मारणंच. जोखीम घेतली.

घरघरणारं मी वेगळं उबेत ठेवलं. उरलेल्या चौघांना कोमट ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, चिवडीच्या केसांत घोळवलं. तोंडाभोवती सुकलेलं दूध मुद्दाम काढलं.

वाटप: दोन चिवडीकडे, एक राणीकडे. या तिघांना निळा ठिपका. राणीच्या नाकाला जाऊबाईंनी या खेपेला व्हॅनिला इसेन्सचा थेंब लावलाच. चिवडीला काही नाही. चौथं कुठे ठेवायचं त्यावरून घरात वाद झाला.

कारण ढोली. ढोली गाभण नाही, तरी कालपासून केस उपटून कोपऱ्यात घरटं करतेय. बंड्या खच्ची असला तरी तिच्यावर चढतो. सशात समागमाच्या झटक्यानेच अंडं सुटतं, म्हणून गर्भाशिवायही मादीला गाभण असल्यासारखं वाटतं. सोळा-अठरा दिवस हे सोंग चालतं आणि शेवटी घरटं होतं. नवरा म्हणाला, "एवढं घरटं करून बसली आहे बिचारी, दे तिलाच." मला पटत नव्हतं. सड दाबून बघितले तर किंचित ओल आली. म्हटलं, एक रात्र बघू. चौथ्या पिल्लाला आधी चिवडीखाली धरून पोटभर पाजलं आणि मगच ढोलीच्या घरट्यात ठेवलं.

१९ डिसेंबर

घरघरणारं पहाटे गेलं.

चिवडीकडची दोन्ही निळी टम्म. राणीकडचंही टम्म. व्हॅनिला लावलेली आणि न लावलेली, दोघींनी सारखंच घेतलं. एवढ्यावरून मी व्हॅनिला निकामी ठरवत नाही, पण माझ्या शेडमध्ये ती शिऱ्यासाठीच वापरली जाईल.

ढोली. पिल्लू घरट्यातच होतं, जिवंत, गरम, पण पोट चपटं. कातडीला सुरकुती. ढोली दुसऱ्या टोकाला. मी हात घातला तर मागचे पाय आपटले. म्हणजे घरटं आहे, केस आहेत, पण पान्हा नाही. मारलं नाही हेच पुष्कळ. तासाभरात तिने घरट्यातला पेंढा खायलाही घेतला.

चौथं पिल्लू चिवडीकडे गेलं. आता तिच्याकडे नऊ, राणीकडे आठ.

२१ डिसेंबर

चिवडीला नऊ जड जातायत. सर्वांत मागे पडलेलं तेच, ढोलीकडून आलेलं. म्हणून रोज संध्याकाळी त्याला आणि अजून एका बारक्याला "आधी पंगत". नवरा खुर्चीत बसतो, चिवडीला मांडीवर उताणी, पाठ पूर्ण टेकलेली. मी दोघांना सडाला लावते. तीन मिनिटांत दोघं गोल. मग ती पेटीत जाते आणि उरलेल्यांना स्वतः पाजते.

एकट्याने हे करू नये. मादीने मागचे पाय जोरात झाडले तर तिच्या कण्याला इजा होते. पकड सुटतेय असं वाटलं की लगेच जमिनीवर सोडायची.

कोथरूडच्या दोघांचं शेण दोन दिवस पातळ होतं. आज बांधलेलं आहे.

२३ डिसेंबर

बहुतेकांचे डोळे उघडले. राणीच्या एकाचा डावा डोळा चिकटलेला, आतून पू. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूट मीठ, कापसाने भिजवून हळूच उघडला, डॉक्टरांनी दिलेले थेंब (९० रुपये). असा डोळा तसाच सोडला तर कायमचा जातो.

पेट्यांमधला ओला पेंढा बदलला. दोन मुठी जुने, कोरडे केस मात्र परत आत. पेटी अगदी धुऊनपुसून लख्ख केली तर मादीची पेटी म्हणून काही उरत नाही.

वजनं: राणीकडची १२० ते १५०, चिवडीकडची ९५ ते १४०. निळ्या ठिपक्याची मागे आहेत, हिरव्या ठिपक्याची राणीच्या सख्ख्यांच्या बरोबरीने, एक तर पुढेच.

२७ डिसेंबर

वाईट दिवस. सकाळी राणीच्या पेटीत आठही पोटं चपटी, एक मेलेलं. राणी पेटीकडे बघेना. सगळ्यांचं एकच मत: "आता कळलं तिला परकी आहेत ते."

इतक्या दिवसांनी कळलं? मी पिंजरा मुळापासून तपासला. चारा होता, पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) होते आणि पेलेट उष्टावलेलेसुद्धा नव्हते. पाण्याच्या निपलला बोट लावलं, थेंब येईना. बोअरचं पाणी, क्षार धरून निपल चोंदला होता. पाजती मादी इतरांपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. पाणी बंद झालं की खाणं बंद, आणि लगोलग दूध बंद. तिने मला सांगायचं तरी कसं?

वाडग्यात पाणी ठेवलं. इतका वेळ सलग पाणी पिताना मी कोणताही ससा पाहिलेला नाही. दिवसभरात ओला लसूणघास आणि थोडी कोथिंबीर. तिची सातही पिल्लं संध्याकाळी चिवडीखाली थोडी थोडी लावली. रात्री साडेअकराला राणी स्वतः पेटीत गेली.

मेलेल्या पिल्लाच्या कानात ठिपका नव्हता. म्हणजे ते तिचं सख्खं होतं.

तेव्हापासून दोन्ही पाजत्या माद्यांना निपलच्या जोडीला जड मातीचं वाडगं. कुंभारवाड्यातून आणली, दोन ८० रुपयांना. निपल दर रविवारी काढून पातळ व्हिनेगरमध्ये.

२ जानेवारी

पिल्लं बाहेर हुंदडतायत. पेट्या काढल्या. आणि आज ते घडलं, ज्यासाठी हा प्रश्न लोक मुळात विचारत असावेत.

चिवडीचं एक सख्खं पिल्लू जाळीच्या कोपऱ्यातल्या फटीतून शेजारी ढोलीच्या पिंजऱ्यात गेलं. किंकाळी ऐकून धावले. सशाची किंकाळी एकदा ऐकली की विसरत नाही. ढोलीने पाठीवर चावून कातडी उघडी पाडली होती. बंड्या कोपऱ्यात बसून बघत होता. डॉक्टरांनी स्वच्छ करून दोन टाके घातले, इंजेक्शन धरून ६०० रुपये, शिवाय हडपसरच्या गर्दीत गेलेली अख्खी दुपार.

ही तीच ढोली, जिने दोन आठवड्यांपूर्वी घरट्यातल्या आंधळ्या पिल्लाला काही केलं नव्हतं. आता दुसऱ्याचं पिल्लू स्वतःच्या पायांनी तिच्या हद्दीत आलं. पाजत्या मादीनेही हेच केलं असतं. सशांच्या रानातल्या वसाहतीतही माद्या दुसरीच्या हिंडत्या पिल्लांना हाकलतात, कधी जीवही घेतात. पेटीतलं पिल्लू आणि पायावर आलेलं पिल्लू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर "बहुधा घेते", दुसऱ्याचं "अजिबात भरवसा नाही". दोन्ही एकत्र विचारले जातात म्हणून उत्तरंही उलटसुलट ऐकू येतात.

पिंजऱ्यांच्या मधल्या जाळीला खालून हातभर उंचीपर्यंत पत्रा ठोकला.

७ जानेवारी

शेजारच्या रानात ऊसतोड चालू आहे. टोळीतला एक पोरगा फडक्यात रानससाचं पिल्लू घेऊन आला. "ताई, तुमच्याकडे पाजत्या आहेत, हेही लावा."

नाही लावलं. अंगभर केस, उघडे डोळे, जन्मल्या दिवशीच पळू शकणारं हे पिल्लू. पाळीव सशाशी याचा संबंध नावापुरता. त्याची आई त्याला गवतात एकटं सोडते आणि अंधार पडताना येऊन पाजते. ते अनाथ नसतंच, फक्त एकटं असतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली रानससा पाळता येत नाही. पोराला घेऊन गेले, जिथे सापडलं त्याच्या लगतच्या न तोडलेल्या बांधावर, गवतात, उन्हं कलल्यावर ठेवलं. कुत्री बांधायला सांगितली. जखमी असतं तर वनविभागाच्या १९२६ वर फोन केला असता.

२२ जानेवारी

सहा आठवडे झाले. दूध तोडलं. पिल्लं जागेवर ठेवली आणि माद्या हलवल्या, म्हणजे पिल्लांना एका वेळी एकच धक्का. सोळाच्या सोळा आहेत, टाके पडलेलंही. वजनं ६४० ते ९१० ग्रॅम. सर्वांत हलकं तेच, ढोलीकडे एक उपाशी रात्र काढलेलं. हिरव्या ठिपक्याची तिन्ही वरच्या पाचांत.

खर्च, शेडचं नेहमीचं खाद्य सोडून: पेट्या ३८०, काटा ४५०, थेंब ९०, वाडगी ८०, डॉक्टर ६००, पत्रा २२०. एकूण १,८२०. रोजच्या वजनात आणि पंगतीत गेलेल्या वेळाचा हिशेब लावला नाही, घरचे लावतात.

२५ जानेवारी

कोथरूडचं कुटुंब आलं. त्यांच्या चौघांपैकी दोन माद्या ते घेऊन जाणार आहेत, आठ आठवडे झाल्यावर. त्यांचा नर आधी खच्ची करून घ्यायला सांगितलं, आणि नंतरही महिनाभर वेगळा ठेवायला. खच्ची केल्यावर काही आठवडे नर फळू शकतो. हे ठाऊक नसल्यामुळे पुन्हा एक खोकं माझ्या दारात यायला नको.

त्यांच्या मुलीने विचारलं, "काकू, आमचा बनी त्यांना बाबासारखं सांभाळेल का?" उत्तर म्हणून बंड्याला अंगणात, दोघांनाही नव्या अशा जाळीत, निळ्या ठिपक्याच्या एका पिल्लाबरोबर सोडून दाखवलं. बंड्याने हुंगलं, हनुवटी घासली, मग आडवा पडला आणि पिल्लू त्याच्या कुशीला लागून बसलं. मुलगी खूश. मग ढोलीला त्याच जाळीत आणलं. ती कान मागे टाकून सरळ पिल्लावर धावली. मध्ये सूप आडवं धरून पिल्लू उचललं. दोन्ही बघितलं ते बरं झालं. खच्ची केलेला शांत नर मोठ्या झालेल्या पिल्लाला सोबत देऊ शकतो, पण तेही नव्या जागेत, आपण समोर असताना, आणि एकेका सशाचा स्वभाव बघून.

२९ जानेवारी

पुढची आखणी. चिवडी, राणी, भुरी तिघी १ फेब्रुवारीला एकाच दिवशी लावायच्या, म्हणजे ४ मार्चच्या आसपास वितील. एकीचं बिघडलं तरी दोन पेट्या हाताशी. त्यापेक्षा उशीर नको. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की सरपंच नुसता पसरून असतो आणि पेटीत पिल्लं गुदमरतात. ढोली-बंड्याचा पिंजरा शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवला. तिसरी पेटी कापायला दिली आहे, पुढची फळी १५ सेंटिमीटर.